न बोलणारं घर

त्या घराची किल्ली आमच्या हातात ठेवताना मारोतीनं एकच अट घातली. भाडं वेळेवर द्या, भिंतीला खिळे ठोकू नका, हे सगळेच घरमालक सांगतात. मारोती म्हणाला, "पावसाळ्यान हाळी व्हते. या घराचा नाव आला तरी तुमी बोलाचा नाय. गप ऱ्हावाचा."

माझ्या नवऱ्यानं, सयाजीनं, मान डोलावली. सयाजी कशालाही मान डोलावतो. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहून वाहून मानेला तेवढीच एक सवय उरलीय, असं मी त्याला चिडवायची. मला मात्र राहवलं नाही. मी विचारलं, "आणि बोललं तर?"

मारोती माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाय बोलाचा."

साल पंच्याण्णव. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मार्केटच्या कामापायी इकडे आलेली. आमची उज्वला तेव्हा नुकती जन्मलेली. करावे गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बांधाला टेकून तो पाडा होता. एके काळी पाड्याची भातशेती होती आणि खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो बांध घातला होता. मग नवं शहर आलं, शेती गेली, तिन्ही बाजूंनी मातीचे भराव पडले आणि त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. पाडा होता तिथंच राहिला, पण आजूबाजूची जमीन उंच झाल्यामुळे तो आपोआप खड्ड्यात गेला. सोसायटीच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या कौलांकडे बघत चहा प्यायचे. शेती संपली तशी बांधाची डागडुजीही संपली. खाडीला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

घर तसं चांगलं होतं. दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, मागे न्हाणी. खटकायची ती एकच गोष्ट. चारही भिंतींवर, माझ्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर, एक पांढुरकी रेघ सारखी फिरलेली होती. मी चुना मारला. थोड्याच दिवसांत चुना फुगला, पोपडे पडले आणि रेघ होती तिथं पुन्हा वर आली. मी ती खरवडून बोट जिभेला लावलं. मीठ होतं.

आणि ओल. अमावास्या-पौर्णिमेला, भर दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला मोठी भरती यायची, तेव्हा सारवलेल्या जमिनीवर एकेक डाग ओला व्हायचा. दारापासून चुलीपर्यंत, अंतराअंतरावर, कुणी ओल्या पायांनी आत आल्यासारखा. सयाजीला सांगितलं तर म्हणाला, "खाडी जवळ हाय, वल सुटणारच. तू बी काय काढतीस." तो दिवसभर मार्केटात असायचा. घरात मी असायची, म्हणून भीतीही माझ्याच वाट्याला आली.

पहिली हाळी ऐकली ती आषाढात. मोठं उधाण यायचं असलं की गावदेवीच्या पारावर मारोतीची आई, रंगूबाई, उभी राहायची आणि एकेका घराला नावानं हाक मारायची. घरातून कुणीतरी ओरडून सांगायचं, "हाय." म्हणजे माणसं घरात आहेत, धड आहेत. एखाद्या घरातून उत्तर आलं नाही, तर पाराशी थांबलेली माणसं दोर घेऊन त्या घराकडे धावायची. एवढी साधी रीत. पण ती चालू असताना पाड्यात एरवी कधी नसते अशी शांतता व्हायची. भांडण, रेडिओ, भांडी, सगळं थांबायचं. उत्तर ऐकू यायला हवं म्हणून आया रडणारी पोरं पदराखाली घ्यायच्या.

रंगूबाईचा आवाज म्हाताऱ्या बाईचा वाटत नव्हता. लांब, सरळ, न कापणारा. "नाख्वाच्या घराऽऽ." हाय. "वडाखालच्या घराऽऽ." हाय. आणि मग, तितक्याच सरळ आवाजात, "हौसाच्या घराऽऽ."

ते आमचं घर होतं. मी उज्वलाला छातीशी धरून दाराआड उभी होते. बाहेर कुणी बोललं नाही, कुणी धावलंही नाही. एक श्वासभर सगळा पाडा नुसता थांबला आणि रंगूबाईनं पुढचं नाव घेतलं. त्या श्वासभरात मी माझा श्वास धरून ठेवला होता. तरी घरात कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. उज्वलाचाच असणार, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राजाबाईनं नळावर सगळं सांगितलं. हौसा ही रंगूबाईची मुलगी, पाड्यातच दिलेली, ह्याच घरात; तिच्या नवऱ्यानं ते पुढं मारोतीला विकलं. काही वर्षांमागं अशाच एका उधाणाला बांध फुटला. सगळे पुरुष बांधावर पोती रचायला गेले होते. पारावर रंगूबाई एकटी हाळी देत होती. हौसाच्या घरातून उत्तर आलं नाही. पाठवायला माणूस नाही, आणि हाळी देणारीनं शेवटचं घर झाल्याशिवाय पार सोडायचा नाही, हा नियम. तिनं सोडला असता तर पुढच्या घरांचं कोण बघणार होतं? रंगूबाईनं उरलेली घरं पुरी केली आणि मग धावली. हौसा दाराच्या आतच सापडली, कडीला हात घातलेली.

"तवापासना ती हाक मारते," राजाबाई म्हणाली. "जबाब येनार नाय ते सगल्यांना ठाव हाय. तो घर बोलत नाय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि ती मग गेलीच नाही. ह्या पाड्यात ज्या घराच्या गप्प बसण्याचं कुणाला काही वाटत नाही, त्या एकाच घरात माझी पोरगी झोपते.

हिवाळ्यात कॉलेजवाले आले. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागातल्या चारुलता मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी. असे लोक मी पाहिले होते. येतात, फोटो काढतात, वडापाव खातात, पुन्हा दिसत नाहीत. ह्या बाई दर शनिवारी यायला लागल्या. भराव पडल्यापासून पाड्यात पावसाचंही पाणी तुंबतं, त्यात बांध फुटला तर काय करायचं, ह्याची तयारी पाड्यानं आणि विद्यापीठानं मिळून करायची, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा त्यांनी एक भोंगा आणून पाराजवळच्या खांबावर बसवला. वाजवून दाखवला. कुत्री केकाटली, लोक दारात आले, खांबाकडे बघून पुन्हा आत गेले.

रंगूबाई म्हणाली, "बोंबलतो चांगला. पन ऐकत नाय."

मॅडमचा चेहरा पडला, पण बाई घुम्या नव्हत्या. पुढच्या शनिवारी पारावर रंगूबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "भोंगा लोकांना नुसतं उठवेल. हाळी तुमचीच राहू दे. पण ती आमच्या मुलींना शिकवाल?"

"हाळी शिकवाची नस्ते. ती देवीची हाय."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"पडनार नाय."

मग मॅडम जे बोलल्या ते मी तरी बोलले नसते. "मावशी, त्या दिवशी पारावर हाळी देणारी दुसरी कुणी असती, तर तुम्ही हौसाकडे गेला असता ना?"

पाराभोवतीच्या बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या. रंगूबाई उठली आणि घरात निघून गेली. मारोतीनं मॅडमना पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. त्या तरी आल्या. रंगूबाई घराबाहेर पडली नाही. मग एका शनिवारी ती स्वतःच पारावर येऊन उभी राहिली आणि विद्यार्थ्यांकडे बघून एका मुलीकडे बोट दाखवलं. "ती पोर दे. तिचा गळा बरा हाय."

ती अस्मिता. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, चष्मा, खांद्यापर्यंत कापलेले केस. सगळ्या घरांची नावं क्रमानं पाठ करायला तिला फार दिवस लागले नाहीत. आवाज लांबवायला लागले. खाडीकडे तोंड करून ती ओरडायची आणि रंगूबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "पोटातना काढ. तू काय रिक्षा थांबवतंस?"

कामं होत होती. मुलांनी घराघरांतल्या भिंतींवरच्या मिठाच्या रेघा शोधल्या. मॅडम म्हणाल्या, मागच्या वेळी पाणी इथपर्यंत चढलं होतं, भिंत ते धरून बसलीय. म्हणजे माझ्या भिंतीवर होतं ते हौसाच्या मरणाचं पाणी. त्या रेघेच्या वर प्रत्येक सखल घरात बांबूचा माळा करायचा ठरलं. बांबू पाड्यानं आणले, बांधायचं कसब म्हाताऱ्यांचं, हात मुलांचे. आमच्या घरातही झाला. रेघेचं कारण कळलं, पण माझी भीती त्यानं कमी झाली नाही. उलट रात्री दिवा मालवला की ती रेघ मला पाण्याच्या आतून वर बघितल्यासारखी दिसायची.

मग देवळासमोर रांगोळीनं सगळा पाडा काढला. ज्यानं त्यानं आपापल्या घरावर मूठभर तांदूळ ठेवायचे. मी बघते तर घरामागच्या भाडेकरूंच्या खोल्या कुठंच नाहीत. पाच-पंचवीस कुटुंबं, मार्केटातली, गवंडीकामातली, रांगोळीत नावालाही नाहीत. माझं तोंड सुटलं. "आमी काय उंदरं हाय का बिळात ऱ्हायला? पाणी काय आदी रेशनकार्ड बगणार हाय?"

कुरकुर झाली. मारोती म्हणाला, हाळी गाववाल्यांची. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत, खडूनं खोल्या काढत गेल्या. शेवटी रंगूबाईच म्हणाली, "घेवा त्यांना. शेवटाला घेवा." सगळ्या भाडेकरूंची नावं हाळीच्या शेवटाला लागली. बायका तांदूळ घेऊन पुढं झाल्या. मीही झाले.

माझ्याआधी रंगूबाई तिथं वाकली होती. हौसाच्या घरावर तिनं आपल्या हातानं तांदूळ ठेवले.

"मावशी, तितं मी ऱ्हाते," मी म्हणाले.

"त्या घराची हाक हाय. एका दाराला दोन नावा नस्तात."

मॅडमनी समजावलं, दोन हाका मारू, एक हौसाची, एक शालनची, म्हणजे माझी. रंगूबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना थोडा वेळ द्या."

"पाणी वेळ दील का, मॅडम?"

 मूठ तशीच मिटून मी घरी आले आणि ते तांदूळ डब्यात टाकले. सगळ्या पाड्याची माणसं मोजली गेली, आणि भांडण काढणारी मीच तेवढी बाहेर राहिले.

पाऊस सुरू व्हायच्या आधी हाळीची तालीम झाली. मी ठरवूनच बसले होते. "हौसाच्या घराऽऽ" आलं आणि मी दारातून मोठ्यानं म्हणाले, "हाय."

हाळी थांबली. आजवर कधी थांबली नव्हती. पारावर रंगूबाई मटकन खाली बसली. अस्मिता शेजारीच उभी होती, तिला पुढचं नाव येत होतं, पण तिचं तोंड उघडेना. बायका माझ्या अंगावर धावून आल्या. मारोती म्हणाला, घर खाली करा. सयाजीनं त्याच्यापुढे हात जोडले आणि मला बोलायला लावलं की पुन्हा असं होणार नाही. रंगूबाई येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं शिव्या घालेल. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून मागे, घरात बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कुणीतरी बाहेर यायची ती वाट बघत होती.

श्रावणातल्या अमावास्येला सकाळपासून पाऊस कोसळत होता. सयाजी पहाटेच मार्केटला गेलेला. मोठं उधाण म्हणून मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी सकाळीच पाड्यात आले होते. गटारांचं पाणी गल्लीत, गल्लीतलं उंबऱ्याला. दुपारची भरती चढायला लागली आणि भोंगा वाजला. बांधाला खांड पडली होती. पुरुष तिकडे धावल्याचा आवाज आला. मी उज्वलाला उचललं, दाराकडे वळले, आणि तेवढ्यात मागची न्हाणीची भिंत बसली. सगळं घर एकदा कण्हलं. पुढच्या दाराची चौकट तिरकी झाली आणि दार अडकलं. मी ओढलं, लाथा घातल्या, कोयत्यानं ठोकलं. हललं नाही. खिडकीला गज. पाणी दाराखालून, भिंतींतून, मागच्या खिंडारातून एकदमच आलं. खिंडाराकडे जावं तर तिथं विटा, वासे आणि पाण्याचा जोर.

उज्वलाला माळ्यावर चढवलं. भिंत बसताना माळ्याची एक बाजू खाली आली होती, उरलेले बांबू तिचंच वजन पेलतील असे होते. मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. कौलांवर पाऊस एवढा वाजत होता की माझं मलाच कमी ऐकू येत होतं. नंतर कळलं की राजाबाईनं ऐकलं होतं. अमावास्येच्या भर दुपारी हौसाच्या घरातून बाईचं ओरडणं ऐकलं आणि तिनं खिडकी लावून घेतली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मीही लावली असती.

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा हाळी सुरू झाली. "नाख्वाच्या घराऽऽ."

मी ओरडणं थांबवलं, कारण आता सगळा पाडा कान देऊन उभा असणार होता. माझ्या घराचं नाव येईल तेव्हा श्वासभर सगळे गप्प राहतील. तेवढाच वेळ मला मिळणार होता. आणि मग लक्षात आलं, त्या वेळात बोलायचं काय? "हाय" म्हटलं तर माणसं धड आहेत म्हणून हाळी पुढं जाणार. गप्प राहिले तर हे घर बोलतच नाही, म्हणून पुढं जाणार. ओरडले तर भूत. पाणी भिंतीवरच्या रेघेला लागलं होतं. माझ्या बोटांना कडीचं लोखंड लागलं आणि मला कळलं की मी नेमकी कुठं उभी आहे. मी हात झटकन मागे घेतला.

"वडाखालच्या घराऽऽ." हाय.

"हौसाच्या घराऽऽ."

पाऊस होता तेवढाच होता, तरी शांतता झाली. माझ्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. उज्वला वर होती, दुसऱ्या कोपऱ्यात. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी आज हे सांगायला नसते. तो श्वास सोडला जायच्या आत मी तोंड उघडलं आणि ह्या पाड्यात हाळीला कुणी कधी दिलं नव्हतं ते उत्तर दिलं. "न्हाई."

बाहेर काहीच झालं नाही. पुढचं नाव आलं नाही. हाळी पुन्हा थांबली, आणि मला वाटलं, संपलं सगळं.

मग दुसऱ्याच आवाजात, कोवळ्या, अर्धवट फाटलेल्या आवाजात पुढची हाक आली. "चिंचेच्या घराऽऽ." अस्मिता होती. तिच्या मागोमाग उत्तर, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. मी भिंतीला डोकं टेकवून ते ऐकत राहिले. हाळी चालू होती आणि रंगूबाई पारावर नव्हती.

डोक्यावर कौलं फुटली. उजेड आणि पाऊस एकदम आत आले. कौलं काढणारे हात म्हातारे होते, रक्ताळलेले. रंगूबाईच्या मागे कॉलेजची दोन मुलं दोर धरून होती. ती पोटावर पालथी पडून आत वाकली, डोळ्यांत पाऊस गेलेला, आणि म्हणाली, "हौसा?"

माझ्या तोंडाशी माझं नाव आलं होतं. मी ते गिळलं. तिचे हात माझ्याकडे आले होते, ते तसेच यायला हवे होते. मी म्हणाले, "व्हय."

आधी उज्वला गेली, मग मी. कौलांवर आडवी पडून मी खोकत होते तेव्हा रंगूबाईनं दोन्ही हातांत माझं तोंड धरलं आणि नीट बघितलं. बघता बघता तिची पकड सैल झाली. ती माझ्यासाठी आली नव्हती. एवढी वर्षं जिच्यासाठी येता आलं नाही तिच्यासाठी आली होती, आणि ती तिला मिळाली नाही. मी जिवंत राहिल्याची मला त्या क्षणी लाज वाटली. पण तिनं दोर सोडला नाही. मला, उज्वलाला बांधून घेतलं आणि खाली अस्मिता शेवटच्या भाडेकरूंपर्यंत पोचेतो आम्ही तिथंच बसून राहिलो. त्या दिवशी पाड्यातलं एकही माणूस गेलं नाही.

संध्याकाळी शाळेत सगळे जमले होते. सयाजी चिखलातून धावत येऊन आमच्याजवळ बसला आणि लहान पोरासारखा रडला. मॅडम घोंगड्या वाटत होत्या. रंगूबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पैल्यांदा कोन बोलला?"

"मावशी, मी एकदाच बोलले."

"दोन आवाज आले," ती म्हणाली. "पैला हाय. मंग नाय."

अस्मितानं एकच ऐकला होता. तिनं तसं सांगायला तोंड उघडलं, पण मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला.  माझ्या कानाशी घेतलेला तो श्वास मी कुणालाच सांगितला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमच्या विभागानं आणि पाड्यानं मिळून बांधाची खांड दगडानं बुजवली. आमच्या घराची मागची भिंत नवी झाली. सयाजी म्हणत होता, दुसरीकडे जाऊ. मीच नको म्हटलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या घरात कुणीतरी मला बोलायला वेळ दिला होता, आणि तिला एकटीला टाकून जायचं माझ्या जिवावर आलं.

पाऊस लागायच्या तोंडाला तालीम ठरली. आता हाळी द्यायला तीन जणी होत्या. अस्मिता, राजाबाईची सून आणि नाख्वाच्या घरची एक. रंगूबाईनं सांगितलं, मी आता पारावर उभी ऱ्हानार नाय, मी दोरवाल्यांत. मारोतीनं हसून नको म्हटलं, तर त्याच्या हातातला दोर तिनं हिसकावून घेतला.

दुपारचे बारा वाजत आले होते. भरती होती, जमिनीवर दारापासून चुलीपर्यंत ओल उमटली होती. मी उंबऱ्यात बसले होते, उज्वला मांडीवर. "वडाखालच्या घराऽऽ." हाय. मग अस्मिताचा आवाज आला, पोटातून काढलेला. "शालनच्या घराऽऽ."

माझं नाव. रंगूबाईनंच तिला तसं सांगितलं असणार, दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. माझ्या जिभेवर "हाय" आलं होतं. पण त्या जागेवर इतकी वर्षं दुसरीची हाक असायची आणि तिच्यासाठी सगळा पाडा श्वासभर थांबायचा. आता कुणी थांबणार नव्हतं. मला ते सहन होईना. मी म्हटलं, एक श्वास तिला देऊ, मग बोलू. मी गप्प बसले.

तो श्वास पुरा व्हायच्या आत गल्लीत पावलं वाजली. बरीच पावलं, वळवाच्या चिखलात घसरत, धावत येणारी. ह्या घराच्या गप्प बसण्याला पहिल्यांदा कुणी धावून आलं होतं. सगळ्यांच्या पुढे रंगूबाई होती, पदर खोचलेला, खांद्यावर दोर, धाप लागलेली.

"हाय का?" तिनं विचारलं.

"हाय," मी म्हणाले. 

मागची माणसं हसली, कुणीतरी मला रागावलं, तालीम हाय म्हणून चेष्टा करतेस का म्हणालं, आणि सगळे पाराकडे परतायला लागले. रंगूबाई तिथंच उभी राहिली. माझ्या खांद्यावरून ती आत बघत होती, ओल्या जमिनीकडे. मग अगदी हळू, हाळीच्या नाही, घरातल्या आवाजात तिनं पुन्हा विचारलं.

"हाय का गो?"

मी उज्वलाला उचललं आणि उंबऱ्यातून बाजूला झाले, रंगूबाईला आत जाता यावं म्हणून.